निकालानंतरचा मास्तर

न्यायाची गोष्ट म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. शास्त्रीबुवांनी चौकशी केली, राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. परंपरेने चालत आलेली ही हकीकत आपण आजीकडून ऐकतो, क्रमिक पुस्तकात वाचतो, नाटकात पाहतो. प्रत्येक वेळी अंगावर तोच काटा येतो आणि प्रत्येक वेळी पडदा त्याच जागी पडतो. पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. राघोबादादा त्यानंतर दहा वर्षे जगले, इंग्रजांच्या आश्रयाला गेले, साऱ्या मराठी राज्याला त्यांनी एका लढाईत गुंतवले आणि १७८३ मध्ये कोपरगावी आपल्या मरणाने गेले. प्रायश्चित्त सांगितले गेले, घेतले गेले नाही.

शास्त्रीबुवांचे मोठेपण यामुळे तिळभरही कमी होत नाही. माझे म्हणणे आपल्या अभिरुचीविषयी आहे. आम्हां कादंबरीकारांना आणि तुम्हां वाचकांना निकालाची चटक लागलेली आहे. साक्षीदार पिंजऱ्यात चढला, वकिलाने उलट तपासणीत त्याची भंबेरी उडवली, न्यायाधीशाने चष्मा काढून निकाल वाचला, की आमची गोष्ट संपते. दिवाणी कोर्टाची पायरी ज्याने झिजवली आहे त्याला विचारा. तो सांगेल की हुकूमनामा हातात पडला तेव्हा अर्धी लढाईसुद्धा झालेली नव्हती. खरी झटापट दरखास्तीची. बेलिफाला घेऊन जाणे, कुलूप पाहून परत येणे, पुन्हा तारीख मागणे. या दुसऱ्या अर्ध्या भागावर आपल्याकडे वाङ्मय नाही, कारण त्यात टाळ्या नाहीत.

गेले वर्षभर मी अशाच एका दुसऱ्या अर्ध्या भागावरची पुस्तके वाचीत आहे. ती सारी अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या तुरुंगांविषयी आहेत. मी मॅट्रिक शिकलेला शाळामास्तर. कायद्याचे इंग्रजी मला सोपे जात नाही. एका बाजूला शब्दकोश आणि दुसऱ्या बाजूला एक वकील स्नेही, असे बसून ती वाचली. सणासुदीच्या अंकात तुरुंग कशाला, असे कोणी गृहिणी म्हणेल. त्यांना माझी विनंती एवढीच, की फराळाचे ताट बाजूला न सारता वाचावे. ही गोष्ट जितकी तुरुंगाची आहे, तितकीच शाळा, इस्पितळ, अनाथाश्रम, रिमांड होम यांची आहे. जिथे आपली माणसे दुसऱ्यांच्या हवाली होतात, त्या सगळ्या जागांची.

या पुस्तकांचा नायक कोण, हा पहिला समीक्षेचा प्रश्न. पुस्तकांच्या मते नायक दोन. एक डेव्हिड रुइझ हा कैदी. दरोडेखोरीबद्दल शिक्षा झालेला, कुठल्याही अर्थाने संत नसलेला. त्याने १९७२ मध्ये आपल्या हाताने लिहिलेला अर्ज फेडरल कोर्टात पाठवला. दुसरा तो अर्ज वाचणारा न्यायाधीश, विल्यम वेन जस्टिस. आडनावच न्याय! कादंबरीत असे नाव मी ठेवले असते तर संपादकांनी निळ्या पेन्सिलीने खोडले असते. न्यायमूर्ती जस्टिस यांचे मोठे चरित्र १९९१ मध्ये निघाले आणि रुइझचे नाव तर खटल्यालाच लागले. पण मला या सर्व पानांतून हिंडताना तिसराच माणूस दिसत राहिला. तो पुस्तकात येतो तो पाहुण्यासारखा. एखाद्या वाक्यात, एखाद्या परिच्छेदात. त्याचे नाव व्हिन्सेंट नेथन. ओहायो राज्यातील टोलेडो विद्यापीठात तो कायदा शिकवीत असे. कोर्टाने १९८१ मध्ये त्याला टेक्ससला नेमले ते 'स्पेशल मास्टर' म्हणून. तिकडेही मास्तरच!

मास्तराच्या आधी निकाल वाचला पाहिजे. खटला १९७८ च्या ऑक्टोबरात उभा राहिला आणि १९७९ च्या सप्टेंबरात संपला. कामकाजाचे दिवस १५९, साक्षीदार ३४९. निकाल दिला गेला तो १९८० च्या डिसेंबरात. छापील कायदेग्रंथात त्याची शंभराहून अधिक पाने भरतात. ती पाने मी गोष्टीसारखी वाचली आणि सांगतो, की हा लेखक कसलेला आहे. तो आक्रोश करीत नाही. तो मोजतो. कोठडी सुमारे ४५ चौरस फूट, म्हणजे नऊ फूट लांब आणि पाच फूट रुंद. तिच्यात माणसे दोन, काही ठिकाणी तीन, आणि तिसऱ्याचे अंथरूण जमिनीवर. पहारेकऱ्यांचे प्रमाण सुमारे बारा कैद्यांमागे एक. दवाखान्यात टाके घालणारे, क्ष-किरण यंत्र चालवणारे हातही कैद्यांचेच, ज्यांना कोणी ते काम शिकवलेले नाही. आपल्याकडच्या घराशी ताडून पाहा. ४५ चौरस फूट म्हणजे चाळीतल्या खोलीची मोरी आणि तिच्यापुढचा पट्टा. एवढ्या जागेत तीन परकी माणसे रात्र काढतात, हे लेखकाने विशेषणाशिवाय सांगितले आहे, म्हणून ते टोचते.

आणि मग बारा कैद्यांमागे एक पहारेकरी असताना तुरुंग चालत कसा होता, या प्रश्नाचे उत्तर येते. तुरुंग कैदीच चालवीत होते. त्यांना 'बिल्डिंग टेंडर' म्हणत. शब्दशः अर्थ बराकीची देखभाल करणारा. धट्टेकट्टे, दांडगे कैदी निवडून अधिकाऱ्यांनी त्यांच्या हाती बराकी दिल्या होत्या. कोणी कुठे निजावे हे ते ठरवीत, चहाड्या आणीत, प्रसंगी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत मारहाण करीत. त्यांच्याजवळ हत्यारेही असत. 'माझी जन्मठेप' ज्याने वाचली आहे त्या मराठी वाचकाला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. अंदमानातले वॉर्डर, पेटी ऑफिसर, जमादार हे सारे कैद्यांतूनच वर चढवलेले होते. आणि बारीसाहेबापेक्षा त्यांचाच जाच कैद्यांना चोवीस तास होता. सत्ता स्वस्तात चालवायची असली की ती दुबळ्यांतल्या दांडग्याला भाड्याने देतात. टेक्ससच्या विधिमंडळाने १९७३ मध्ये कायदा करून ही पद्धत बंद केली होती. कायदा झाला, पद्धत चालू राहिली. खटल्यात अधिकाऱ्यांनी सांगितले, की ही माणसे नुसती झाडलोट करणारी आहेत.

निकालाच्या वाङ्मयीन गुणांत एक उणीव आहे आणि ती लेखकाची नव्हे, त्या वाङ्मयप्रकाराची आहे. निकाल 'असे आहे' हे उत्तम सांगतो आणि 'असे असावे' हेही सांगतो. मात्र एकापासून दुसऱ्यापर्यंत माणसाने पायी कसे जायचे, ते निकालात लिहिता येत नाही. तिथे वाक्याचा काळ बदलतो आणि लेखकही बदलावा लागतो. तो पुढचा लेखक म्हणजे नेथन.

नेथन टेक्ससला नवशिका म्हणून आला नव्हता. ओहायोत मॅरियन येथील तुरुंगाचे आणि जॉर्जियात रीड्सव्हिल येथील तुरुंगाचे हेच काम त्याने केलेले होते. नंतर न्यू मेक्सिको आणि पोर्टो रिको येथेही त्याने ते केले. म्हणजे हा माणूस एका खटल्यापुरता नेमलेला पंच नव्हे. निकाल अंमलात येतो की नाही हे पाहण्यातच त्याच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली. टेक्ससला येण्यापूर्वी, १९७९ मध्ये, त्याने आपल्या विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकात याच विषयावर एक दीर्घ लेख लिहिला. संस्थासुधारणेच्या खटल्यांत कोर्टाने मास्तर का आणि कसा वापरावा, हा त्याचा विषय. लेख रूक्ष आहे. पण त्याच्यामागचा प्रश्न फार साधा आहे. न्यायाधीश आपल्या आसनावर बसतो; बराकीत रात्री काय होते ते त्याला दिसत नाही. दोन्ही बाजूंचे वकील त्याला दोन चित्रे दाखवतात. तेव्हा तिथे जाऊन पाहील, मोजील आणि लिहून आणील असा कोर्टाचा स्वतःचा डोळा हवा. तो कारभार करणार नाही, कोणाला कामावरून काढणार नाही. तो पाहील आणि अहवाल लिहील.

अहवाल! या शब्दाला आपल्या वाङ्मयात काडीची प्रतिष्ठा नाही. वार्षिक अहवाल म्हटले की कार्यवाह घसा खाकरतात आणि सभासद चहाची वाट पाहू लागतात. मात्र अहवाल हा या माणसाच्या हातातला एकमेव दांडा होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शब्दाला धार येते. कोर्टाने त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना तुरुंगात कोठेही जाण्याची, कोणतेही दप्तर पाहण्याची, कैद्यांशी आणि नोकरांशी खाजगीत बोलण्याची मुभा दिली होती. शाळेची तपासणी कशी होते ते तुम्हांला ठाऊक आहे. तारीख आधी कळते, भिंती रंगतात, हुशार मुले पुढच्या बाकावर येतात, फळ्यावर सुविचार उमटतो. साहेब खूश होऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी नळ पुन्हा गळू लागतो. नेथनचे काम म्हणजे त्या दुसऱ्या दिवशी जाणे. आणि तिसऱ्या दिवशी. आणि पुढची नऊ वर्षे.

या पाहणीतून काय निघते, याचा उत्तम मासला बिल्डिंग टेंडरांचाच आहे. जे कोर्टात झाडलोट करणारे म्हणून सांगितले गेले होते, तेच बराकींवर राज्य करीत आहेत, हे त्याच्या माणसांनी जागेवर जाऊन नोंदवले. मधल्या काळात या मंडळींना एक नवे नाव मिळाले होते, 'सेवासाहाय्यक कैदी' अशा अर्थाचे. नाव बदलले, किल्ल्या त्याच हातात. ज्याने सरकारी दप्तर पाहिले आहे त्याला हसू येईल. आपल्याकडेही योजना बुडाली की तिचे नाव बदलते. शेवटी १९८२ मध्ये राज्याने लेखी मान्य केले, की ही पद्धत होती आणि ती मोडून काढू. १५९ दिवसांच्या खटल्यात जे कबूल झाले नाही, ते रोज जाऊन पाहणाऱ्याने कबूल करून घेतले. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत नाट्यमय वाटलेली जागा हीच आहे, आणि तिच्यात एकही भाषण नाही.

राज्याचा राग त्याच्यावर निघाला, हेही ओघानेच आले. त्याला काढून टाका, असा अर्ज झाला. त्याच्या कचेरीचा खर्च हरलेल्या पक्षाने, म्हणजे राज्यानेच, भरायचा होता. तेव्हा आपल्याच पैशाने आपल्याला छडी, ही बोच निराळी. अपील कोर्टाने १९८२ मध्ये त्याची नेमणूक कायम ठेवली, पण हात थोडे आखडले. सुनावणी न घेता, केवळ स्वतः पाहून त्याने जे लिहिले असेल ते आपोआप खरे धरू नये, असे ठरले. मला हा निर्णय योग्य वाटतो. डोळा कोर्टाचा असला तरी तो एका माणसाचा डोळा आहे; दुसऱ्या बाजूला त्याची उलट तपासणी करता आलीच पाहिजे. तपासनिसाची तपासणी कोणी करायची, हा प्रश्न टाळून कोणतीही सुधारणा फार दिवस प्रामाणिक राहत नाही.

आता या विषयातल्या सर्वांत कठीण जागेकडे वळू. इथे पुस्तके एकमेकांशी भांडतात आणि समीक्षकाला बाजू घ्यावी लागते.

बिल्डिंग टेंडर गेले. त्यानंतर १९८४ मध्ये टेक्ससच्या तुरुंगांत २५ कैद्यांचे खून झाले आणि १९८५ मध्ये २७. दोन वर्षांत ५२ माणसे. कैद्यांनी कैद्यांना मारलेली. टोळ्या उभ्या राहिल्या. ज्या बराकींवर पूर्वी दांडग्यांची दहशत होती त्यांच्यावर आता सुऱ्यांची दहशत आली. सुधारणेने माणसे मारली काय?

जॉन डीयुलिओ यांचे १९८७ चे पुस्तक टेक्सस, मिशिगन आणि कॅलिफोर्निया या तीन राज्यांच्या तुरुंगांची तुलना करते. त्यांना टेक्ससचा जुना अमल, विशेषतः जॉर्ज बेटो या संचालकाच्या काळातला, कडक पण सुव्यवस्थित वाटतो. कोर्टाच्या हस्तक्षेपाने ती घडी विसकटली, असा त्यांचा रोख आहे. पुस्तक ताकदीचे आहे. शिस्तीवाचून कैद्याचेही कल्याण नाही, हे त्यांचे म्हणणे आपल्या दयाळू मंडळींनी कान देऊन ऐकावे. बेन क्राउच आणि जेम्स मार्क्वार्ट यांचे पुस्तक १९८९ चे. यातील मार्क्वार्ट यांनी स्वतः त्या तुरुंगात पहारेकऱ्याची नोकरी करून हे सारे जवळून पाहिले होते. त्यांचे म्हणणे असे, की जुनी दहशतीची घडी मोडली, नवी नियमांची घडी बसायला वेळ लागला, आणि या दोहोंमधल्या पोकळीत ते खून झाले. स्टीव्ह मार्टिन आणि शेल्डन एकलंड-ऑल्सन यांचे १९८७ चे पुस्तक ही पोकळी आतून दाखवते. मार्टिन हे तरुणपणी त्याच तुरुंगखात्यात पहारेकरी होते, पुढे वकील होऊन त्याच खात्याचे कायदेविषयक सल्लागार झाले. घरातल्या माणसाने घरातली भांडणे सांगावीत, तशी धग त्या पुस्तकाला आहे.

मी माझे मत देतो. डीयुलिओ यांनी सांगितलेली सुव्यवस्था खरी होती, पण ती फुकट मिळवलेली होती. राज्याने वर्षानुवर्षे पहारेकऱ्यांचे पगार वाचवले आणि त्यांच्या जागी दांडगे कैदी ठेवले. दांडग्यांना हटवण्याचा दिवस उजाडला तेव्हा त्यांच्या जागी उभी राहतील अशी शिकलेली माणसे पुरेशी नव्हती. वाचवलेल्या पगारांचा हिशेब ५२ माणसांनी चुकता केला. ज्याने उधारीचे दप्तर उघडून दाखवले त्याला कर्जाबद्दल दोष देता येत नाही. मात्र एक गोष्ट मी नेथनच्या आणि न्यायमूर्तींच्या बाजूने बोलतानाही गिळणार नाही. जुना खांब काढण्याआधी नवा टेकू लावावा, हे आपल्या गवंड्यालाही कळते. जुनी पद्धत बंद झाल्याची नोंद लवकर झाली आणि नवी माणसे पुरेशी आली की नाही, हे उशिरा ठरले. सुधारकाची निष्काळजीही माणसाच्या जिवावर बेतते. ५२ हा आकडा या साऱ्या पुस्तकांच्या प्रत्येक पानाच्या समासात मला दिसत राहिला.

पुढचा भाग कंटाळवाणा आहे, आणि त्या कंटाळ्यातच त्याचा अर्थ आहे. तारखा, मुदती, अहवाल, तक्रारी. राज्य वचन देई आणि वेळ मागे. अखेर १९८६ च्या शेवटच्या दिवशी न्यायमूर्ती जस्टिस यांनी राज्याला कोर्टाच्या बेअदबीबद्दल दोषी धरले आणि दररोज आठ लाख डॉलरपर्यंत दंडाची तंबी दिली. मग मात्र चक्रे हलली. १९९० मध्ये मास्तराची कचेरी उठली. १९९२ मध्ये तडजोडीचा अंतिम हुकूम झाला. कोर्टाची देखरेख पुरती संपली ती २००२ मध्ये. अर्जापासून मोजले तर ३० वर्षे. डेव्हिड रुइझ २००५ मध्ये तुरुंगवासातच वारला. ज्या खटल्याने सबंध राज्याचे तुरुंग बदलले, त्या खटल्याच्या फिर्यादीला बाहेरचे घर लाभले नाही. आणि ते लाभावे म्हणून तो खटला नव्हताही. तुरुंगात असलेल्या माणसालाही माणसासारखे ठेवा, एवढेच त्याचे मागणे होते.

मग नेथनचे काम यशस्वी म्हणावे काय? इथे रॉबर्ट पर्किन्सन यांचे २०१० चे पुस्तक अडवते. कोठडीत किती माणसे ठेवावीत ते कोर्टाने ठरवून दिले. राज्याने उत्तर म्हणून नवे तुरुंग बांधले. खटल्याच्या वेळी टेक्ससमध्ये २५-२६ हजारांच्या आसपास कैदी होते. शतक संपता संपता ते दीड लाखांच्या घरात गेले. मास्तर दर माणशी किती चौरस फूट ते मोजू शकतो, पण एकंदर माणसे किती कोंडायची हे विचारण्याचा त्याला अधिकार नाही. जागा माणुसकीची झाली आणि ती भरणारे हात मोकळे राहिले. ही टीका खरी आहे. पण तिच्यातून 'मग मोजलेच कशाला' असा निष्कर्ष काढणाऱ्याला मी विचारीन, की जमिनीवर निजलेल्या त्या तिसऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचे? मोठा अन्याय उभा आहे म्हणून लहान न्याय थांबवता येत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून अशा मास्तरांचे अधिकार आवळले, त्यांचे मानधन राज्याऐवजी न्यायखात्याच्या निधीतून द्यावे असे ठरवले आणि जुने हुकूम रद्द करून घेण्याची वाट सोपी केली. नुसत्या पाहण्याला सत्ताधारी एवढे बिचकतात, यावरूनच त्या पाहण्याचे मोल कळते.

या कथेला पुढची पिढीही लाभली. वर सांगितलेले स्टीव्ह मार्टिन, एके काळचे पहारेकरी आणि मग वकील, यांना २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरील तुरुंगांसाठी कोर्टाने देखरेखकार नेमले. ज्याने हातात किल्ल्या वागवल्या तोच आता किल्ल्यांचा हिशेब मागू लागला. त्यांच्याकडून एकामागून एक अहवाल गेले. २०२४ च्या नोव्हेंबरात कोर्टाने शहराला बेअदबीबद्दल दोषी धरले आणि २०२५ च्या मे महिन्यात, कोर्टाला जबाबदार असा बाहेरचा अधिकारी कारभारात नेमण्याचा हुकूम दिला. म्हणजे दहा वर्षे पाहून, लिहून, सांगून झाल्यावरही शेवटी अधिक जड हात लागला. यात निराश होण्याजोगे आहे. पण दहा वर्षांचे ते अहवाल नसते तर तो हात कुठे ठेवायचा, हेही कोर्टाला कळले नसते.

आपल्याकडे असे काही नाही, असे समजून कोणी सुस्कारा सोडू नये. आपल्या मुंबईचाच एक निकाल आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातील १५ स्त्रीकैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यांतील पाचजणींनी पोलिसकोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. न्यायालयाने ते पत्र याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन पाहून यायला सांगितले. १९८३ च्या फेब्रुवारीत निकाल झाला. स्त्रियांसाठी चांगल्या वस्तीत निराळ्या पोलिसकोठड्या असाव्यात, त्यांवर स्त्री-शिपाई असाव्यात, आणि शहराच्या सत्र न्यायालयातील न्यायाधीशाने, शक्य तर स्त्री-न्यायाधीशाने, अधूनमधून अचानक जाऊन कोठड्या पाहाव्यात, असे त्यात सांगितले आहे. 'अचानक' हा त्या निकालातला माझा सर्वांत आवडता शब्द. तो लिहिणाऱ्याला भिंती कशा रंगतात ते ठाऊक होते. आता वाचकहो, मनाशीच पाहा. या निकालाचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. त्यानंतरच्या एखाद्या अचानक भेटीची हकीकत कथेत, कादंबरीत, नाटकात कोणी वाचली आहे काय? कोठडीचे दार अवेळी ठोठावणारी, हातात वही घेतलेली न्यायाधीशबाई मराठी वाङ्मयात कुठे आहे?

आमच्या कथांतून तुरुंग पुष्कळ आला. स्वातंत्र्याच्या लढ्याने आपल्याला तुरुंगाचे थोर वाङ्मय दिले. पण ते सारे आत बसलेल्याच्या बाजूने लिहिलेले आहे. बाहेरून आत जाऊन, पाहून, परत येऊन, पुन्हा आत जाणाऱ्या माणसाची कथा आम्ही लिहिली नाही. ती लिहिणे कठीण आहे, हे मी धंद्यातला माणूस म्हणून कबूल करतो. तिच्यात शेवटचा प्रसंग नाही. खलनायक रोज बदलतो. कधी तो जुलमी अधिकारी असतो, कधी रिकामी तिजोरी, तर बहुतेक वेळा नुसती सवय. नायक बोलत नाही, लिहितो. आणि लिहितो तेही 'अमुक ठिकाणी नळास पाणी नाही' असले. तरीसुद्धा मला वाटते, की अशी एखादी कादंबरी जोवर आपण लिहीत नाही आणि आवडीने वाचीत नाही, तोवर आपल्याला निकाल साजरे करता येतील, राबवता येणार नाहीत. वाचकाला ज्या गोष्टीची गोडी नाही, तिच्यासाठी नागरिक म्हणून तो नेट धरीत नाही.

व्हिन्सेंट नेथन या माणसाविषयी मला भक्ती वाटत नाही. त्याच्या कारकिर्दीत उतावीळपणाची किंमत दुसऱ्यांनी मोजली, हे वर लिहिले आहे. मला आदर वाटतो तो त्याच्या कामाच्या जातीबद्दल. बोललेला शब्द खरा झाला की नाही, ते पुन्हा जाऊन पाहायचे. झाला नसेल तर तसे लिहायचे. लिहिलेले कोणी खोडून काढील, तर दुसऱ्या दिवशी परत जायचे. या कामात कीर्ती नाही, आणि ज्याच्या घरी तपासणीला जावे तो कधी दिवाळीचा फराळ पाठवीत नाही. पण टेक्ससच्या एखाद्या बराकीत १९८२ नंतर कधीतरी असा एक कैदी निजला असेल, ज्याच्या उशाशी दांडगा उभा नव्हता आणि ज्याचे अंथरूण जमिनीवर नव्हते. निकाल कोणी दिला, हे त्याला कदाचित ठाऊक असेल. अहवाल कोणी लिहिला, हे ठाऊक नसेल. या पुस्तकांच्या लेखकांनी त्या अहवाल लिहिणाऱ्याला आणखी थोडी जागा द्यायला हवी होती. एवढी एक तक्रार सोडली, तर ती पुस्तके, जड असली तरी, जिद्दीने वाचावीत अशीच आहेत.